कर्णेवालीच्या कडेवरचं मूल

८ जानेवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस. तेव्हा पत्रच बरं. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर तू ते न फोडता ठेवून देशील, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. बंद पाकीट घरात असताना तुला चैन पडणार नाही.

आधी त्या रविवारविषयी. आईने फोन केला तेव्हा इकडे सासूबाई, मामंजी, तुझे भावोजी आणि मी जेवणाच्या टेबलाभोवती होतो, आणि तूही पलीकडून त्याच फोनवर होतीस. तुझं हे तिसरं बाळ जन्मल्यावर आमच्या घरी यायचं आणि माझं म्हणून वाढायचं, असं आईने जाहीर केलं. सासूबाईंनी डोळे पुसले. मामंजी म्हणाले, "वा! घरातल्या घरात काम झालं." मग सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मी काहीच बोलले नाही. माझं ते न बोलणं तू ऐकलंस. तू फोन ठेवल्याचा आवाज मीही ऐकला. पुढचं आईकडून कळलं. "मी पोटचं द्यायला निघाले आणि ताईला साधं हो म्हणणं जड झालं," असं तू म्हणालीस म्हणे.

तसं नव्हतं ग. मला आनंदच झाला होता. फार आनंद झाला की शब्द सुचत नाहीत, इतकंच.

इथे तयारी जोरात चालू आहे. माझी अभ्यासाची खोली बाळाला दिली आहे. भिंतींना फिकट पिवळा रंग लावला, पुस्तकांचं कपाट गच्चीवरच्या खोलीत गेलं, टेबल जिन्याखाली आलं. तिथे ताठ बसता येत नाही, पण लिहिता येतं. मामंजींनी खोलीच्या खिडकीला जाळी बसवून घेतली, उद्या बाळ चढलं तर म्हणून. अजून बाळ रांगायचं आहे, त्याआधी जन्मायचं आहे. पण मामंजींचं सगळं आगाऊ. जाळीतून रस्ता दिसतो, फक्त तो चौकोनाचौकोनांत दिसतो.

माझ्या कामाविषयी तुला कधी नीट सांगितलंच नाही. उपचारांसाठी शाळेतली नोकरी सोडली ती सोडलीच. हल्ली मी सकाळच्या वेळी एका ध्वनिमुद्रण केंद्रात जाते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. वाचणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे पुस्तकांतली चित्रं आणि छायाचित्रं आहेत, कारण चित्र वाचता येत नाही, ते शब्दांत मांडावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण याचं एक शास्त्र आहे आणि ते मला फार आवडतं. प्रथम चित्राची चौकट सांगायची: कुठे, किती माणसं, काय चाललं आहे. मग डावीकडून उजवीकडे जायचं. मग बारकावे. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की जे दिसतं तेवढंच सांगायचं. जे वाटतं ते आपल्यापाशी ठेवायचं. 'बाई दुःखी आहे' असं म्हणायचं नाही. 'बाईची मान खाली आहे, ओठ मिटलेले आहेत' असं म्हणायचं. दुःख ऐकणाऱ्याने ठरवायचं.

सध्या हातात एका दूरदेशीच्या कृष्णवर्णीय स्त्रीचं चरित्र आहे. कपडे धुण्याच्या मोठमोठ्या कारखान्यांत, वाफेत उभं राहून राबणाऱ्या बायकांची तिने संघटना बांधली. भाषणाला व्यासपीठ मिळेना म्हणून पत्र्याचा कर्णा घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. तिची माणसं तिला 'कर्णेवाली' म्हणत. पुस्तकात तिची पुष्कळ छायाचित्रं आहेत आणि ती सगळी माझ्या वाट्याला आली आहेत. पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

पाय वर ठेवून बसत जा.

तुझी ताई


२४ जानेवारी

धाकटे,

तुझा निरोप पोचला. "पोटात वाढवते आहे मी, आणि विचार करायला वेळ हवाय तुला?" एकच वाक्य, पण बोलतं वाक्य आहे. मला बरं वाटलं.

कर्णेवालीचं सांगायचं होतं. त्याआधी आमच्या कानसेनबाईंची ओळख करून देते. त्या केंद्राच्या श्रवण-परीक्षक आहेत. जन्मापासून दिसत नाही. कायद्याची पदवी घेतली आहे, आणि मुद्रित झालेला प्रत्येक शब्द त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. कानसेन हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं आहे. हे पुस्तक हाती आलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "कातडीचा रंग सांगायचा तर चित्रातल्या सगळ्यांचा सांग. फक्त तिचा सांगितलास तर बाकीचे आपोआप बिनरंगाचे होतात." इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता मी फाटकावरच्या शिपायाचाही वर्ण सांगते.

तर छायाचित्र असं आहे. कारखान्याचं बंद फाटक. समोर बायकांची गर्दी. मध्यभागी कर्णेवाली लाकडी खोक्यावर उभी. उजव्या हातात कर्णा, डाव्या कडेवर एक मूल. मुलाची मूठ तिच्या कोटाच्या कॉलरवर. मी मुद्रणकक्षात बसून वाचलं, 'ती आपल्या तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन उभी आहे.'

हेडफोनमधून कानसेनबाई म्हणाल्या, "थांब. बाळ तिचं आहे हे कुठं दिसलं तुला?"

"कडेवर आहे ना."

"काल बसमध्ये कुणीतरी माझ्या मांडीवर भाजीची पिशवी ठेवली होती. म्हणजे मी भाजीवाली?"

"तसं नाही, पण..."

"पण काय? बाई दिसली, मूल दिसलं, की लगेच शिवून मोकळी! डोळे आहेत म्हणून एवढा माज करू नये ग माणसानं."

मी पुढचं पान वाचलं. ते मूल संपावरच्या एका कामगार बाईचं होतं. पोलिसांनी तिला गाडीत बसवलं, तेव्हा तिने ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे दिलं, आणि शेजारी कर्णेवाली होती. संध्याकाळी आईने मूल परत नेलं. कर्णेवालीला स्वतःचं मूल नव्हतं. कधीच नव्हतं. नको होतं.

धाकटे, हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. चरित्रकाराने त्याभोवती कुठलीही रडकथा रचलेली नाही. आजार नाही, वियोग नाही, कामासाठी केलेला त्याग नाही. तिला मुलं आवडत. ती त्यांच्याबरोबर दोरीवरच्या उड्या मारी. पण आई व्हायचं नव्हतं, म्हणून झाली नाही. असं एखाद्या बाईविषयी इतक्या शांतपणे लिहिलेलं मी प्रथमच पाहिलं. आपल्याकडे अशा वाक्याच्या मागे 'पण' येतोच.

मी चूक दुरुस्त केली. 'तिच्या डाव्या कडेवर एक मूल आहे.' इतकंच.

मुद्रणकक्ष म्हणजे एक पेटीच आहे. भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा, खिडकी नाही, आवाज येतो म्हणून पंखा बंद. तांबडा दिवा लागला की दार बाहेरूनच उघडतं. पहिल्या आठवड्यात माझा जीव घाबरा व्हायचा. आता मजा अशी आहे की तिथे मला श्वास घेता येतो, आणि घरी येऊन त्या पिवळ्या खोलीच्या दारात उभी राहिले की घेता येत नाही.

खोलीत पाळणा आला आहे. छान आहे.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्रांत 'आनंद झाला' असं जिथे जिथे लिहिलं आहे, ते खोडून टाक. मी शिक्षिका आहे. चुकीचं शिकवलं असेल तर पुढच्या तासाला तसं सांगावं लागतं.

गेल्या वर्षी शेवटचा उपचार फसला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्या हळू आवाजात बोलू लागल्या. तुझे भावोजी भिंतीकडे बघत होते. मी मान खाली घातली होती, ओठ मिटले होते. त्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो साहजिक होता. खरं असं की मला हसू येईल अशी भीती वाटत होती. संपलं, आता सुया नाहीत, आता शाळेत परत जाता येईल, असं मनात चाललं होतं. बाहेर पडताना जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. भावोजींना वाटलं, मला तिथून पळून जायचं आहे. तेही खरंच होतं म्हणा.

मला मूल नको आहे. उपचार सुरू झाले तेव्हाही नको होतं. सगळ्यांना हवं होतं, आणि मला हवं की नको हा प्रश्नच कुणी टेबलावर मांडला नाही. मला वाटलं, उत्तर ठरलेलं असेल म्हणून विचारत नसतील.

तू म्हणशील, पुस्तकं वाचून ताईच्या डोक्यात भूत शिरलं. शिरलं नाही, होतंच. कर्णेवालीने फक्त दिवा लावला. तिचं एक प्रकरण तुला समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. आजीची मुलं मालकाच्या जनावरांबरोबर मोजली जात. म्हणून कर्णेवालीच्या वस्तीतले लोक तिला कळवळून म्हणत, "आपली मुलं आपल्यापासून तोडली गेली. आता आपली आहेत, तर तू वाढव." हा युक्तिवाद किती जड आहे बघ! तो शत्रूचा नव्हता, तिच्याच माणसांचा होता, आणि त्यामागचं दुःख शंभर टक्के खरं होतं. तिने त्यांना काय उत्तर दिलं? "आजीचं पोट दुसऱ्याच्या मोजणीत होतं. माझं कुणाच्याच मोजणीत नाही. मालकाच्या नाही, तुमच्याही नाही."

तिच्या आजीचं दुःख आणि माझा जिन्याखालचा कोपरा यांची तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. तिने अंगावर काठ्या झेलल्या, मी फार तर टोमणे झेलते. पण उदाहरण मोठं असलं म्हणून गणित सोडवायला कामी येत नाही असं थोडंच आहे?

तेव्हा काल जेवताना मी सांगितलं. अगदी क्रमवार, शांतपणे. "मला मूल नको आहे. धाकटीचंही नको. माझ्यासाठी कुणी काही ठरवू नका."

सासूबाई म्हणाल्या, "घाबरलीयस तू. होतं असं पहिल्या वेळी."

"घाबरले नाही. नको आहे."

"एकदा मांडीवर आलं ना, की सगळं आपोआप येतं बघ. मलाही कुठं येत होतं?"

मामंजी म्हणाले, "ते मीठ इकडं करा जरा. आणि पाळण्याची कडी करकरतेय, तेल घालायला हवं."

मी तुझ्या भावोजींकडे पाहिलं. ते ताटात बोट फिरवत म्हणाले, "झोप नीट होत नाहीये तिची."

झालं. मी बोलले, आणि सगळं होतं तसंच चालू राहिलं. नमद्याच्या भिंती केंद्रात आहेत असं मी तुला लिहिलं होतं ना? ओरडले असते तर निदान भांडण झालं असतं. पण इथे कुणी वाईट नाही ग. सगळे प्रेमाने वागतात, आणि त्या प्रेमाला दार नाही.

आज केंद्रात गेले तर कानसेनबाईंनी विचारलं, "महिनाअखेर सोडतेयस म्हणे? तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. बाळ येणार म्हणाला. अभिनंदन करू की नको? तुझ्या आवाजावरून काही कळेना."

"नको," मी म्हटलं. "आणि सोडतही नाही."

"बरं. मग 'सोडत नाही' एवढं मी ऐकलं. बाकीचं तुझं तू बघ."

हे पत्र तू आईला दाखवू नकोस. दाखवलंस तरी चालेल. नको दाखवू.

ताई


३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. जिन्याखाली बसून वाचलं, मग गच्चीवर जाऊन पुन्हा वाचलं.

आईने तुला सांगितलं की ताई रोज रडते, मूल मिळालं नाही तर जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. आईने मला सांगितलं होतं की धाकटी थकली आहे, तिसरं तिला झेपत नाही, तू घेतलंस तर सुटेल बिचारी. आणि आपण दोघी एकमेकींवर उपकार करायला निघालो! मी आईला फोन करून विचारलं. ती जराही गडबडली नाही. "मग खोटं काय बोलले? ती थकलेलीच आहे, आणि तू रडत नसलीस तरी रडायला हवंस. दोघींचं भलं होत होतं. मी गेल्यावर तुम्हाला धरून ठेवणारं काहीतरी नको का?" तिच्यावर रागावता येईना. तिला आपल्या दोघींमध्ये एक गाठ मारून ठेवायची होती, आणि त्यासाठी हाताशी आलेला धागा तिने वापरला.

तू पुढे जे लिहिलं आहेस त्याला उत्तर देणं कठीण आहे. "मला हे तिसरं नकोच होतं ताई. तुझं म्हणून वाढवते आहे असं समजले, म्हणून दिवस ढकलले. पण आता ते हलतं तेव्हा मी त्याच्याशी बोलते. हवंय की नको ते माझं मलाच कळत नाही. तू घेणार नसशील तर मी काय करू?"

मी सगळं समजावून सांगणारी बाई; पण हे मला येत नाही. मूल नको असण्याची मोकळीक मला हवी आणि तुला मात्र 'ठेवच' असा उपदेश करू, तर माझ्यात आणि मामंजींच्या जाळीत फरक तो काय? तू काय करावंस ते मी सांगणार नाही. काय करू नयेस तेवढं सांगते. माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस. मी रडत नाही.

आणि मला काय करता येईल ते सांगते. तुझ्याकडे महिनाभर येऊन राहीन. थोरलीला गणित शिकवीन, मधल्याला अंघोळ घालीन, तू झोप काढ. रात्री बाळ रडलं तर तुझ्या नवऱ्याला उठवीन. हे सगळं मावशी म्हणून. मावशी व्हायला मी नेहमीच तयार होते. मला कुणी तेवढ्यावर सोडायला तयार नव्हतं.

इकडे पाळण्याच्या कडीला तेल घातलं. आता ती अजिबात वाजत नाही.

ताई


१७ मार्च

धाकटे,

परवाच्या रविवारी तू फोनवर जे बोललीस, त्यानंतर इथे काय झालं ते तुला कळायला हवं. नाहीतर आईकडून भलतंच कळेल.

तू म्हणालीस, "मी बाळ देणार नाही. माझ्याकडेच राहील." फक्त इतकंच. कारण नाही, माफी नाही. आवाज कापत होता, पण वाक्य कापलं नाही. तुझं मन ज्या बाजूला झुकलं ते तुझं तू झुकू दिलंस, याचा मला फार अभिमान वाटला.

मामंजींनी घास खाली ठेवला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "खरंय. आईच ती. पोटचं कसं देववेल?" कुणी वाद घातला नाही, कुणी तुला घाबरलीस म्हटलं नाही, कुणी तुझ्या झोपेची चौकशी केली नाही. महिनाभर मी तेच सांगत होते, हे मूल इथे येऊ नये; कुणाच्या कानात ते शिरलंच नाही. तू आई आहेस म्हणून तुझा नकार पहिल्याच वाक्यात पोचला. ही गोष्ट मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. फक्त नोंदवते.

मग सगळी दया माझ्याकडे वळली. माझ्या ताटात कुणीतरी जास्तीचं वाढलं. तुझे भावोजी पिवळ्या खोलीचं दार लोटून घेऊन आले, मला दिसू नये म्हणून. ते म्हणाले, "केंद्रातलं काम चालू ठेव हवं तर. मन रमेल." पाहिलंस? जे मला हवं होतं ते सगळं मिळत होतं. बाळ येणार नव्हतं, काम सुटणार नव्हतं, कुणी पुन्हा विचारणार नव्हतं. मला फक्त गप्प बसायचं होतं आणि बिचारी व्हायचं होतं.

आणि खरं सांगते, मी तयार झाले होते. दुपारी सासूबाई गरम दूध घेऊन माझ्याजवळ आल्या, हातावर हात ठेवून रडू लागल्या. "तुझ्या कपाळी नव्हतंच बघ. पण मी आहे ना. पोरी, मला कळतं ग." त्यांचा हात ऊबदार होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला पोरी म्हटलेलं आठवत नाही. त्या उबेत आयुष्य काढता आलं असतं.

पण शुक्रवारी मी पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातली छायाचित्रं मुद्रित केली होती. कर्णेवाली म्हातारी झाली आहे. भरल्या सभागृहात तिचा सत्कार आहे. वक्ता म्हणतो, हिला मूल झालं नाही, पण आपण सगळी हिचीच लेकरं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, तिला 'आई' म्हणून हाका मारतात. ती टाळ्या थांबायची वाट बघते आणि म्हणते, "मी तुमची आई नाही. मला काही कमी पडलं नव्हतं, तुम्ही ते भरून काढू नका. मी तुमच्या शेजारी उभी होते, तेवढं म्हणा." त्यानंतरच्या छायाचित्राचं मी वर्णन केलं. सभागृह. पुढच्या रांगा. एकाही माणसाचा हात टाळीसाठी उचललेला नाही. काठ्या खाताना तिने दाखवलेलं धैर्य मला कळत होतं. हे कळायला मला वेळ लागला. मारणाऱ्याला नाही म्हणताना निदान राग सोबतीला असतो. माया करणाऱ्याला नाही म्हणताना सोबतीला काहीच नसतं.

मी दुधाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "सासूबाई, माझ्या कपाळी नव्हतं असं नाही. मला नको होतं. धाकटीने दिलं असतं तरी मी घेतलं नसतं."

"दुःखात बोलतेयस तू."

"दुःख नाही झालेलं मला. सुटल्यासारखं वाटतंय. तुम्ही रडताय ते माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यासाठी मी बसते तुमच्याजवळ. पण माझ्यासाठी नका रडू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला, पेला उचलला आणि त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात त्यांनी मामंजींना आणि तुझ्या भावोजींना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. ताट वाढलं जातं, कपडे वाळत पडतात, दिवे लागतात आणि मालवतात. तुझे भावोजी झोपायला बैठकीत गेले. मी खोलीत आले की गप्पा थांबतात आणि मी गेल्यावरही सुरू होत नाहीत. पुढे काय होईल मला माहीत नाही. तुझ्याकडे येऊ देतील की कायमचं जा म्हणतील, तेही नाही. पण आता कुणी मीठ मागत नाही, धाकटे. त्यांना ऐकू गेलं.

तुझी ताई